गेन वाढला म्हणजे नफा वाढला असे नाही

आम्ही कापडाचे व्यापारी. ताग्याला हात लावला की सूत कोणते, पन्हा किती आणि धुतल्यावर माल किती आटेल, हे आम्ही सांगू शकतो. पण विजेच्या यंत्रातले आम्हाला अगदी अलीकडेपर्यंत ओ की ठो कळत नव्हते. तेव्हा व्यापाराच्या या पानावर आम्ही गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरबद्दल लिहितो आहोत हे पाहून आमच्या वाचकांना नवल वाटेल. कारण सांगतो. या यंत्रात आमचे पैसे अडकले होते, आमचा शब्द अडकला होता आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आमच्या बहिणीच्या मुलाची रोजी त्यात अडकली होती.

मुंबई-गोवा महामार्गावर जिथे अलिबागचा फाटा फुटतो, तो वडखळचा नाका सर्वांच्या परिचयाचा आहे. तिथे आमच्या भाच्याने विद्युत-दुरुस्तीचे छोटे दुकान टाकले. भांडवलापैकी साठ हजार रुपये आमचे. मिक्सर, पंखे, मंडपवाल्यांचे लाउडस्पीकर आणि पेण, रोहा, अलिबाग बाजूच्या बेंजो पार्ट्यांचे अ‍ॅम्प्लिफायर, हे त्याचे रोजचे काम. पोराच्या हातात हुनर आहे, पण गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायची हिंमत अजून यायची होती. ती कशी आली, तेच या लेखात सांगायचे आहे.

आवाज करणारी काचेची नळी

दिवाळीच्या सुमारास रोह्याकडचा एक तरुण गाडीतून एक जड पेटी घेऊन आला. ब्रिटिश धाटणीचा पन्नास वॅटचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर. त्याच्या परदेशातल्या मामाने पाठवलेला. किंमत लाखाच्या वर. जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्या, म्हणजेच व्हॉल्व्ह, आपल्याकडून गेल्या असे आम्ही समजत होतो. आपल्या देशात बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी ते बनवलेही. मग ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओतला व्हॉल्व्ह संपला. पण गिटारवाल्यांनी मात्र त्याला सोडले नाही. ट्रान्झिस्टरवर ताकदीबाहेर भार टाकला तर बहुधा आवाज कर्कश फाटतो. व्हॉल्व्ह तसा एकदम फाटत नाही, हळूहळू दबतो आणि त्यातून एक जाड, लांबत जाणारा नाद निघतो. गिटारवाला पैसे देतो ते याच नादासाठी. हे व्हॉल्व्ह आज मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन येथे बनतात. २०२२ साली रशियातून निर्यात अडली तेव्हा जगभरच्या गिटारवाल्यांची धावपळ झाली होती.

या धंद्याचा इतिहासही व्यापाऱ्याने ऐकण्यासारखा आहे. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल नावाच्या गृहस्थांचे वाद्यांचे दुकान होते. ते स्वतः ड्रम वाजवणारे आणि शिकवणारे. दुकानात येणारी गिटारवाली पोरे म्हणत, आम्हाला हवा तसा अ‍ॅम्प्लिफायर मिळत नाही, अमेरिकेहून येणारा महाग पडतो. मार्शल यांनी ऐकून घेतले. त्यांच्या दुरुस्ती-कारागिरांनी अमेरिकेच्या फेंडर कंपनीच्या 'बेसमन' या यंत्राची रचना समोर ठेवून १९६२ साली आपला पहिला अ‍ॅम्प्लिफायर उभा केला. तिकडे कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ या कारागिराने छोट्या फेंडरच्या पेटीत मोठ्या यंत्राची ताकद भरली आणि पुढे १९७० च्या दशकात आवाज वाढवणाऱ्या टप्प्याला आणखी एक टप्पा जोडून 'मेसा बूगी' हे नाव जगभर नेले. दोन्ही धंदे दुरुस्तीच्या टेबलावर आणि गिऱ्हाइकाच्या तक्रारीतून जन्मले. वडखळच्या नाक्यावरचे टेबल काही वेगळ्या लाकडाचे नसते.

जमा आणि ज़रब

त्या तरुणाची तक्रार अशी. शहरातल्या एका कारागिराकडून त्याने यंत्रात बदल करून घेतला होता. कारागिराचे नाव घेण्याचे कारण नाही. मूळ यंत्रात आवाज घडवणारे तीन छोटे व्हॉल्व्ह होते. कारागिराने पत्र्याला भोक पाडून चौथा बसवला, गेनचा आणखी एक टप्पा वाढवला आणि भरपूर पैसे घेतले. आता यंत्र चालू करताच घरघर, गेन अर्ध्यावर नेला की शिट्टी. आणि एवढे असूनही तरुणाचे म्हणणे, "शिट्टी बंद करा, पण गेन अजून वाढवून द्या. बारा हजार देतो. दहा दिवसांनी अलिबागला आमचा कार्यक्रम आहे."

बारा हजार ऐकून भाच्याचे डोळे चमकले. आम्ही त्या दिवशी दुकानात बसलो होतो. आम्ही विचारले, "अरे बाबा, हा गेन म्हणजे काय? इंग्रजीत तर गेन म्हणजे नफा."

तो म्हणाला, "मामू, गिटारच्या तारेखाली लोहचुंबकाचा पिकअप असतो. त्यातून अगदी बारीक वीज येते. व्हॉल्व्हचा एक टप्पा ती साधारण पन्नास पट करतो. दुसरा टप्पा त्याच्या पन्नास पट."

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. आमचे मास्तरसाहेब 'जमा' आणि 'ज़रब' म्हणजे बेरीज आणि गुणाकार यांत गल्लत करणाऱ्याला बाकावर उभे करीत. आम्ही कागद ओढला. पन्नास गुणिले पन्नास, अडीच हजार. तिसऱ्या टप्प्याने पुन्हा पन्नास पट, एक लाख पंचवीस हजार! भाचा म्हणाला, मधल्या वाटेत बराच भाग गळतो, त्यामुळे प्रत्यक्षात एवढा होत नाही. पण हिशेबाची तऱ्हा हीच. म्हणजे टप्पा वाढवणे ही जमा नव्हे, ज़रब आहे. आणि ज़रब काही फक्त गिटारची होत नाही. पहिल्या टप्प्याशी जी काही घरघर, जी काही बाहेरची खरखर आत शिरली असेल, तिचीही तितक्याच पटीने ज़रब होते. व्याजाने भांडवल उचलून धंदा वाढवणाऱ्याचे असेच होते. विक्री वाढते, पण तिच्याबरोबर आतली चूकही त्याच पटीने वाढते.

आम्ही म्हटले, "मग गिऱ्हाईक सांगतो ते करू नकोस. गिऱ्हाइकाला जे हवे आहे ते कर." भाचा गप्प राहिला. या दोन गोष्टींत फरक असतो हे आम्हाला कापडाच्या दुकानात तीस वर्षे बसून कळले. लाल रंग अजून गडद हवा म्हणणाऱ्याला पुष्कळदा गडद रंग नको असतो, धुतल्यावर न जाणारा रंग हवा असतो.

खळ काढल्याशिवाय रंग चढत नाही

आता यंत्राच्या आतले काम. पण त्याआधी एक इशारा. व्हॉल्व्हच्या यंत्रात चारशे-पाचशे व्होल्टचा दाब असतो आणि मोठे कंडेन्सर तो दाब प्लग काढल्यावरही धरून ठेवू शकतात. हे माणसाचा जीव घेऊ शकते. भाच्याचा नियम असा: प्लग काढायचा, कंडेन्सर योग्य रजिस्टन्समधून रिकामा करायचा, मीटर लावून दाब उतरल्याची खात्री करायची आणि मगच हात घालायचा. दुसरा नियम: स्पीकर जोडल्याशिवाय यंत्र कधीही चालवायचे नाही, नाहीतर आऊटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. ज्याला हे शिकवणारे कोणी नाही त्याने झाकण उघडूच नये.

भाच्याने प्रथम वहीत मूळ जोडणी उतरवून काढली. मग वाढवलेला चौथा व्हॉल्व्ह वाटेतून बाजूला केला, पण त्याचा सॉकेट तात्पुरता जागेवर ठेवला. पहिल्या व्हॉल्व्हकडे येणारी तार स्पीकरच्या तारेशेजारून नेली होती. तिथून शिट्टी जन्मत होती. ती तार त्याने जाळीवाली घातली आणि दूर केली. व्हॉल्व्हचा तंतू तापवणाऱ्या तारा एकमेकींना पीळ देऊन कोपऱ्यातून नेल्या. पहिल्या व्हॉल्व्हच्या पायाला लागून अडुसष्ट हजार ओहमचा रजिस्टन्स बसवला. सॉकेटचे पाय साफ केले. आमच्या कोकणातल्या दमट हवेत आणि खाडीच्या वाऱ्यात पितळेलाही चार महिन्यांत हिरवा थर चढतो, हे शहरातल्या माणसाच्या लक्षात येत नाही. एवढ्यानेच अर्धी घरघर गेली. अजून एकही 'सुधारणा' झाली नव्हती, फक्त सफाई झाली होती.

मग खरी मेख. गेन वाढवल्यावर या यंत्राचा आवाज चिखलासारखा का होतो? भाच्याने समजावले की, खालच्या जाड सुरांत जोर फार असतो. ते तसेच पुढच्या व्हॉल्व्हवर आदळले तर तो आधी त्यांच्याच भाराने दबतो आणि वरचे सूर त्यात बुडतात. म्हणून जाड सूर थोडे आधीच गाळायचे, दबण्याच्या नंतर नव्हे.

हे आम्हाला चटकन समजले. मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडात सुताला लावलेली खळ असते. ती धुऊन न काढता कापड रंगात बुडवले तर रंग डागाडागाने चढतो. नंतर कितीही धुतले तरी डाग जात नाहीत. सफाई रंगाच्या आधी व्हायला हवी.

गाळणी म्हणजे दोन टप्प्यांमधला छोटा कंडेन्सर. त्याचे गणित वाचकांनाही करता येईल. पुढे दहा लाख ओहमचा रजिस्टन्स असेल तर ०.०२२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर सुमारे ७ हर्ट्‌झपासून वरचे सगळे सोडतो. ०.००२२ चा असेल तर सुमारे ७२ हर्ट्‌झखालचे कमी होते. ०.००१ चा असेल तर सुमारे १५९ हर्ट्‌झखालचे. गिटारची सर्वात जाड तार सुमारे ८२ हर्ट्‌झवर वाजते. भाच्याने ०.००२२ चा कंडेन्सर घातला. जाड तार शाबूत राहिली, तिच्या खालचा गाळ गेला. अशा कंडेन्सरची किंमत चहाच्या पेल्यापेक्षा फार वेगळी नाही. पण कुठला आणि कुठे घालायचा, हे जाणण्याची किंमत वेगळी.

आमचेही नुकसान

इथे आमच्या घरची चूकही सांगितली पाहिजे. शेवटच्या टप्प्यातले दोन मोठे व्हॉल्व्ह, ईएल ३४ जातीचे, जुने झाले होते. भाच्याने नवीन जोडी मागवली आणि रात्री दहा वाजता, घाईघाईत, 'बायस' न तपासता बसवली. पाच मिनिटांत आतला पत्रा लालभडक झाला. त्याने झटक्यात स्विच बंद केला म्हणून ट्रान्सफॉर्मर वाचला, पण पाच हजारांची जोडी वाया गेली. ते पैसे आम्ही गिऱ्हाइकाच्या बिलात घालू दिले नाहीत.

बायस म्हणजे व्हॉल्व्ह स्वस्थ बसला असताना त्यातून किती वीज वाहू द्यायची त्याचे माप. ईएल ३४ ची सहनशक्ती २५ वॅट. तिच्या सत्तर टक्क्यांपर्यंत, म्हणजे साडेसतरा वॅटपर्यंत, चालवावे असा कारागिरांचा संकेत आहे. दाब ४५० व्होल्ट असेल तर साडेसतराला साडेचारशेने भागा, सुमारे ३९ मिलिअँपियर येतात. आमच्या भागात विजेचा दाब वर-खाली होत असतो, म्हणून दुसऱ्या जोडीला भाच्याने ३५ वरच थांबवले. थोडी ताकद कमी, पण आयुष्य जास्त. उधारीची मर्यादाही आम्ही अशीच ठेवतो. गिऱ्हाईक किती झेपवू शकेल ते पाहून, त्याच्या सत्तर टक्क्यांच्या आत.

खळ्यावरची परीक्षा

सातव्या दिवशी तरुण आला आणि चौथा व्हॉल्व्ह वाटेतून काढलेला पाहून तापला. "पैसे मी देतोय ना? मग मी सांगतो ते का नाही केले?" भाच्याचा चेहरा उतरला. तो आमच्याकडे पाहू लागला. आम्ही मुद्दाम काही बोललो नाही. दुकान त्याचे होते.

थोड्या वेळाने तोच म्हणाला, "दादा, चौथा व्हॉल्व्ह परत जोडायला मला वीस मिनिटे लागतील. आधी दोन्ही ऐकून बघा. पण दुकानात नाही, बाहेर. आणि एकट्याने नाही."

दुकानामागे भाताचे मोकळे खळे आहे. तिथे दुपारी चार वाजता पेटी मांडली. शेजारच्या गावातल्या बेंजो पार्टीचा ढोलवाला आणि बेंजोवाला सामानासाठी आले होते, त्यांनाही बसवले. बेंजो म्हणजे आपले बुलबुलतरंग. १९१२ साली जपानच्या नागोयात निघालेल्या ताइशोगोतो या वाद्याचे ते वंशज. त्याच्या तारांखाली पिकअप लावून कोकणातल्या पोरांनी त्याला विजेचे वाद्य केले. २०१६ साली रितेश देशमुख यांचा याच नावाचा हिंदी चित्रपटही आला. विजेच्या दृष्टीने बेंजो आणि गिटार सख्खे भाऊ आहेत.

आधी चौथा व्हॉल्व्ह जोडून वाजवले. यंत्राजवळ उभे राहिले की आवाज प्रचंड. तरुण खूश. पण ढोल सुरू झाला आणि आम्ही वीस पावले मागे गेलो, तर गिटार कुठे गेली कळेना. नुसता भुंग्यांचा थवा. एक सूर संपून दुसरा कधी लागला हे समजत नव्हते आणि हात थांबला की शिट्टी. भाच्याने तरुणालाही आमच्या शेजारी आणून उभे केले आणि गिटार बेंजोवाल्याच्या गळ्यात घातली. तो बिचारा एकाच तारेवर सूर काढत होता, पण ऐकायला तेवढे पुरे होते.

मग चौथा व्हॉल्व्ह बाजूला काढून दुसरी परीक्षा. नॉब लावण्याची भाच्याची रीत आम्ही टिपून ठेवली आहे. प्रथम सगळे नॉब मध्यावर, मास्टर खाली. गेन शून्यावरून वर आणायचा आणि सूर लांबू लागला की थांबायचे. दहापैकी पाचवर थांबला. बेस तीनवर, कारण जाड आवाजाची जागा ढोलाची आहे. मधला सूर, म्हणजे मिडल, सातवर. घरी एकटे वाजवताना पोरे हाच नॉब खाली करतात, मग चारचौघांत गिटार हरवते. ट्रेबल पाचवर. प्रेझेन्स सर्वात शेवटी आणि तोही स्पीकरच्या बाजूला नव्हे, समोर उभे राहून, कारण तीक्ष्ण आवाज सरळ रेषेत जातो. एका वेळी एकच नॉब, आणि प्रत्येक बदल वहीत.

ढोल पुन्हा सुरू झाला. वीस पावलांवर प्रत्येक सूर मोजून घ्यावा इतका स्वच्छ. बेंजोवाला न राहवून म्हणाला, "शेठ, हे आमच्या बेंजोला पण लावून बघू." त्याने लावले. खळ्याच्या कडेला लोक जमले.

तरुण बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आवाज मोठा नाही, पण पोचतोय." अलिबागच्या कार्यक्रमाला त्याने यंत्र तसेच नेले.

हिशेब

आता व्यापाराच्या पानाला शोभेल असा हिशेब. भाच्याने बारा हजार घेतले नाहीत. नवीन जोडी आणि किरकोळ सामान धरून एकूण नऊ हजारांचे बिल केले. त्यातली मजुरी साडेतीन हजार. वाया गेलेली जोडी वजा केली तर या कामात आम्हाला दीड हजाराचा तोटाच झाला. पण त्यानंतर बेंजो पार्ट्यांचे तीन अ‍ॅम्प्लिफायर दुकानात आले. ते ट्रान्झिस्टरचे आहेत, पण घरघर, शिट्टी आणि चिखल यांचे दुखणे तेच आणि औषधही बहुतांशी तेच. व्हॉल्व्हचे काम वर्षाकाठी दोन-तीनदाच येईल. त्यावर घर चालत नाही. त्यातून मिळालेल्या तजुर्ब्यावर मात्र चालू शकते.

अशा धंद्यात पडू पाहणाऱ्या तरुणांना आमचे सांगणे थोडक्यात असे. परदेशातून आलेले यंत्र किती व्होल्टचे आहे ते पाहिल्याखेरीज प्लग लावू नका. आपल्याकडे २३० व्होल्ट आहेत, अमेरिकेत १२०. यंत्र ताब्यात घेताना त्याची स्थिती आणि गिऱ्हाइकाची मागणी लिहून त्याची सही घ्या. काढलेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून परत द्या. जो बदल उलटा फिरवता येत नाही तो करू नका. पत्र्याला पाडलेले भोक पुन्हा बुजत नाही. गिऱ्हाइकाला हेही सांगा की, ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत उघड्यावर लाउडस्पीकर वाजवता येत नाही. म्हणून मोठ्या आवाजापेक्षा स्वच्छ आवाज विकत घेण्यातच त्याचा फायदा आहे.

त्या चौथ्या व्हॉल्व्हच्या भोकावर आता पत्र्याची एक गोल चकती बसवलेली आहे. काढलेला व्हॉल्व्ह तरुणाने परत नेला नाही. तो भाच्याने गल्ल्याशेजारी ठेवला आहे. कोणी "भाई, जरा अजून वाढवून द्या" म्हणत आला की भाचा आधी त्याला बाहेर खळ्यावर नेतो.